पाणी थेट चिपच्या पाठीवर

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला थंड ठेवायला नळीतून पाणी लावलंय म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आत गारेगार पाणी खेळतंय. प्रत्यक्षात एप्रिलच्या दुपारी नाशिकमधल्या खोलीत पारा ३७-३८ वर असेल तर त्या नळीतलं पाणी चाळिशी ओलांडून गेलेलं असतं. आंघोळीला बरं, प्यायला नको, असं. तरी काम भागतं. प्रोसेसर स्वतः ऐंशी-नव्वद अंशांच्या घरात असतो, त्याच्या लेखी चाळीस म्हणजे थंडच. आणि पाण्याकडून गारव्याची अपेक्षा मुळात नाहीच. एका जागची उष्णता उचलायची आणि दुसरीकडे नेऊन सोडायची, एवढंच त्याचं काम. ते काम पाणी फार चांगलं करतं. घोडं अडतं ते दुसरीकडे: चिपमधली उष्णता पाण्यापर्यंत पोचेपर्यंतच्या त्या चार-पाच मिलिमीटरमध्ये.

आधी आकडे बघू. व्हिडिओ रेंडर करताना घरचा दमदार प्रोसेसर २५० वॅट सहज खातो. त्यातली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते, हिशेब केला म्हणून काही वीज कुठे साठून राहत नाही. ही उष्णता निघते ती साधारण अडीच चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठ्या जागेतून. एका चौरस सेंटिमीटरला १०० वॅट. तेही सरासरी; आतल्या ज्या कोअरवर, म्हणजे गणित करणाऱ्या भागावर, काम पडलंय, तिथे याहून बरंच जास्त. तापमान ९५ ते १०० अंशांवर गेलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. जळत नाही, पण पैसे मोजून घेतलेला वेग हातचा जातो.

ही २५० वॅट उष्णता हवेने न्यायची तर किती हवा लागेल? हवेला १५ अंश तापू द्यायचं ठरवलं तर मिनिटाला साधारण ८३० लिटर. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ, म्हणजे पंख्याला तेवढी जास्त मेहनत. आता तेच काम पाण्याला द्या. मिनिटाला फक्त एक लिटर पाणी फिरवलं तर ती सगळी उष्णता घेऊन पाण्याचं तापमान वाढतं जेमतेम साडेतीन अंशांनी. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजारपट उष्णता धरतं आणि स्वतःमधून ती पुढे सरकवतंही वीस-बावीसपट चांगली. पाण्याला तोड नाही, आणि स्वस्तही.

मात्र ती उष्णता नाहीशी होत नाही. पंप पाणी रेडिएटरकडे नेतो, तिथे पंखे ती खोलीतल्या हवेलाच देतात. शेवटी खोली तापतेच, फक्त तापवणारी जागा प्रोसेसरपासून हातभर लांब आणि कितीतरी पसरट झालेली असते. म्हणून साध्या वॉटर कूलिंगमध्ये पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही, जाहिरातीत निळे दिवे कितीही लावलेले असोत.

माझा एक पुतण्या इंदिरानगरला असतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉम्प्युटर स्वतः जोडण्याचा नाद. हा सगळा हिशेब ऐकून तो म्हणाला, “काका, मग मध्ये एवढी भानगड कशाला? झाकण काढा, पेस्ट पुसा, तांबं फेकून द्या आणि पाणी सरळ चिपवरच सोडा की!”

प्रश्न रास्त आहे. तैवानपासून स्वित्झर्लंडपर्यंत मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही तोच पडलेला आहे. उत्तर मात्र दोन टप्प्यांत द्यावं लागतं, कारण पहिला अर्धा भाग ‘बरोबर आहे तुझं’ असा आहे आणि दुसरा ‘असं करू नकोस’ असा.

नेहमीच्या जोडणीत खालून वर काय काय असतं ते बघा. सगळ्यात खाली सिलिकॉनचा तुकडा, आणि तो पालथा घातलेला. ट्रान्झिस्टर, म्हणजे सर्किटचे बारीक स्विच, खालच्या अंगाला; वर दिसते ती त्याची पाठ. हे महत्त्वाचं आहे, कारण पाणी चिपवर सोडायचं म्हणजे या कोऱ्या पाठीवर सोडायचं. सर्किट पाण्यात बुडवायचं नाही. पाठीवर सोल्डरचा किंवा पेस्टचा थर. त्यावर निकेलचा मुलामा दिलेलं तांब्याचं झाकण. झाकणावर पुन्हा पेस्ट. त्यावर वॉटर ब्लॉकची, म्हणजे ज्यातून पाणी फिरतं त्या डबीची, तांब्याची प्लेट, आणि तिच्या वरच्या अंगाला, एकदाचं, पाणी.

यातला उष्णतेला अडवणारा कोण? तांबं तर नव्हे. आपल्या अडीच चौरस सेंटिमीटरमधून २५० वॅट जाताना २ मिलिमीटर जाड तांब्यात सुमारे ५ अंशांचा फरक पडतो. अर्ध्या मिलिमीटर सिलिकॉनमध्ये तीन-साडेतीन अंश. आणि चिपवर थेट पेस्ट लावली असेल, थर फक्त ५० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०५ मिलिमीटरचा, केसाच्या जाडीएवढा, आणि पेस्ट बऱ्यापैकी चांगली, तरी तिथे १० अंश जातात. तांब्यापेक्षा चाळीसपट पातळ, आणि अडथळा दुप्पट! पेस्ट लावायची ती दोन धातूंमधली हवा हटवायला. हवेपेक्षा ती शंभर-दोनशेपट चांगली, तांब्याच्या मानाने मात्र अगदीच मठ्ठ. म्हणूनच आजकाल बरेच कारखाने आतल्या बाजूला पेस्टऐवजी इंडियम या धातूचं सोल्डर वापरतात.

त्यामुळे झाकण आणि त्याबरोबरचा एक जोड काढून टाकला तर फायदा होणारच. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर २०२२ मध्ये आले तेव्हा झाकण काढून प्लेट थेट सिलिकॉनवर बसवणाऱ्या हौशी मंडळींना २० अंशांच्या आसपास उतार मिळाला. फरक एवढा मोठा दिसला त्याला कारण आहे. जुने कूलर बसावेत म्हणून त्या प्रोसेसरचं झाकण मुद्दाम जाड ठेवलेलं, आणि आतल्या ज्या चकत्यांमध्ये मुख्य गणित चालतं त्या प्रत्येकी फक्त ७० चौरस मिलिमीटरच्या. जागा जितकी लहान, तितका प्रत्येक थर जास्त नडतो.

या कामात हात जपून लागतो. सिलिकॉन काचेसारखं ठिसूळ, प्लेट जरा तिरकी आवळली की कोपरा उडतो. पेस्टऐवजी गॅलियमचा द्रवधातू वापरायचा तर आजूबाजूच्या इवल्याशा कपॅसिटरवर आधी लेप द्यावा लागतो, कारण हा धातू वीज वाहून नेतो. ॲल्युमिनियमला तर त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, पोखरून टाकतो. आणि झाकण उचकटलं की वॉरंटी गेली, हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत पुतण्या बरोबर. आता त्याचा पुढचा प्रस्ताव: तांबंही फेका, पाणी चिपच्या सपाट पाठीवरून वाहू द्या.

इथे गणित उलटतं. सपाट पृष्ठभागावरून पाणी बऱ्यापैकी वेगाने सोडलं तरी एका चौरस सेंटिमीटरमधून, दर अंश फरकाला, ते एक-दोन वॅटच उचलतं. आपल्याला उचलायचे आहेत चौरस सेंटिमीटरला १०० वॅट. म्हणजे चिपची पाठ पाण्यापेक्षा ५० ते १०० अंश गरम हवी. खोली ३५ अंशांची असेल तर प्रोसेसरने कधीच वेग टाकलेला असेल. पेस्टचे १० अंश वाचवायला गेलो आणि नवे पन्नास पदरात पडले.

कारण असं की वाहतं पाणी सगळं सारख्या वेगाने वाहत नाही. पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेला थर जवळजवळ थांबलेला असतो, आणि उष्णतेला तो ओलांडूनच जावं लागतं. वरून धो-धो पाणी जात असलं तरी त्या आळशी थराला त्याचं सोयरसुतक नसतं. वॉटर ब्लॉकमधली तांब्याची प्लेट इथे कामाला येते. तिचं खरं काम आहे जागा वाढवणं.

महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात दुरुस्तीला आलेला असा ब्लॉक उघडलेला मी पाहिला. चार स्क्रू, एक रबरी ओ-रिंग, आणि आत तांब्यावर इतक्या बारीक रेघा की लांबून नुसता चकाकता चौकोन वाटावा. नख फिरवलं तर खरखर जाणवते. त्या रेघा म्हणजे उभ्या पट्ट्या आणि मधल्या फटी. फट आणि पट्टी प्रत्येकी ०.१ मिलिमीटर, उंची ३ मिलिमीटर धरली, तर तीन सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यात पाण्याला चाटायला २७० चौरस सेंटिमीटर जागा मिळते. चिपच्या पाठीच्या शंभरपटीहून जास्त. वर एक प्लॅस्टिकची पट्टी, तिला मधोमध चीर. पाणी त्या चिरेतून थेट सगळ्यात तापलेल्या भागावर आदळतं आणि दोन्ही अंगांना पांगतं. एवढ्या सगळ्यामुळे प्लेट आणि पाणी यांच्यातला फरक पाच-दहा अंशांत मिटतो. तांबं अडथळा म्हणून काढायला निघालो होतो, तेच खरं कामाचं निघालं.

बारीक फटींचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. संथ, सरळ वाहणाऱ्या पाण्यात फट जितकी अरुंद, तितकं भिंतीकडून उष्णता घेणं सोपं, कारण उष्णतेला पाण्याच्या मध्यापर्यंत जायचं अंतरच कमी उरतं. एक सेंटिमीटरच्या नळीऐवजी ०.१ मिलिमीटरची वाट केली की दर चौरस सेंटिमीटरची क्षमता शंभरपट होते. आळशी थराला जाड व्हायला जागाच ठेवायची नाही, अशी ही युक्ती.

मग या फटी तांब्यात कशाला, सिलिकॉनमध्येच का कोरू नयेत? पेस्ट नको, झाकण नको, आणि जागाही भरपूर. हा विचार १९८१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टकरमन आणि पीस यांनी करून दाखवला. त्यांनी सिलिकॉनच्या पाठीत ५० मायक्रॉन रुंद आणि ३०० मायक्रॉनच्या आसपास खोल अशा वाटा कोरल्या, त्यातून पाणी सोडलं, आणि चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट उचलून दाखवले. चिप पाण्यापेक्षा तापली ७१ अंशांनी. आपल्या आजच्या प्रोसेसरच्या जवळपास आठपट उष्णता, तीही चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी.

मग एवढी वर्षं ही गोष्ट पडून का राहिली? गरज नव्हती म्हणून. त्या काळात तापायच्या त्या मोठ्या कंपन्यांच्या मेनफ्रेम, म्हणजे अवाढव्य संगणक. आयबीएमच्या ३०८१ या मेनफ्रेममध्ये शंभराहून जास्त चिप एका डबीत बसवलेल्या असत, प्रत्येकीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या, उष्णता नीट जावी म्हणून डबीत हेलियम भरलेला, आणि डबीच्या वर पाण्याची प्लेट. पुढे नव्वदच्या दशकात सीमॉस तंत्राच्या चिप सगळीकडे आल्या, त्या इतकी कमी वीज घेत की पंखा पुरेसा झाला आणि पाण्याचं नाव मागे पडलं. मग हळूहळू सीमॉसही तापू लागलं. आज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची एकेक चिप हजार वॅटच्या पुढे गेली आहे. तिथे पंख्याचं काम नाही.

म्हणून जुनी कल्पना पुन्हा बाहेर आली. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये सिलिकॉनच्या पाठीवरच पाणी खेळवून एका चाचणीच्या चिपमधून २,००० वॅटहून जास्त उष्णता काढून दाखवली. त्याआधी २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल संस्थेतल्या गटाने सर्किट आणि पाण्याच्या वाटा एकाच तुकड्यात, एकत्रच आखल्या आणि चौरस सेंटिमीटरला १,७०० वॅटपर्यंत मजल मारली, पंपाला वीज नाममात्र लागली. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात केसाएवढ्या वाटा पानाच्या शिरांसारख्या फाटे फुटलेल्या आहेत, जिथे चिप जास्त तापते तिथे जास्त पाणी पोचावं म्हणून. आजच्या तांब्याच्या प्लेटपेक्षा हे तिपटीपर्यंत सरस, असा त्यांचा दावा आहे.

एवढं सगळं जमतंय तर उद्याच दुकानात का येत नाही, हे मात्र निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला समजावून सांगायची गरजच पडू नये. त्याने आयुष्यभर ड्रिप सांभाळलेलं असतं. बारीक छिद्रातून पाणी काढायचं म्हटलं की निम्मं काम छिद्र उघडी ठेवण्याचं. सँड फिल्टर, मग डिस्क फिल्टर, बोअरचे क्षार साचले की ॲसिड ट्रीटमेंट, लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या नळ्यांची, टोकं उघडून फ्लश करणं. चिपमधल्या वाटांचं दुखणं हेच, फक्त कितीतरी नाजूक. ड्रिपला १२० मेशचा फिल्टर चालतो, तो अडवतो साधारण १३० मायक्रॉनच्या पुढचा कचरा. टकरमन आणि पीस यांच्या ५० मायक्रॉनच्या वाटेत त्यातून सुटलेला एक कणही आडवा बसेल. बागायतदार ड्रिपला एक किलोच्या आसपास प्रेशर ठेवतो. स्टॅनफर्डच्या त्या प्रयोगात ते दोन किलोच्या घरात गेलं होतं, आणि तेही शेतात नव्हे, हजारो रुपयांच्या नाजूक सिलिकॉनमध्ये. आणि बागेत एक ड्रिपर तुंबला तर एक वेल सुकते, कळतं, बदलता येतो. चिपमधली वाट तुंबली तर तिच्याखालचा कोअर तापतो आणि आत हात घालायला वाव नाही. गळती झाली तर बोलायलाच नको.

त्या एमजी रोडच्या ब्लॉकमध्येही तेच झालं होतं. मधल्या चिरेखाली, जिथे पाणी आदळतं नेमकं तिथेच, खडूसारखा पांढरट थर, आणि कडेला हिरवट बुळबुळीत काहीतरी. मालकाने घरच्या फिल्टरचं पाणी भरलं होतं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी असो की बोअरचं, त्यात क्षार असतातच, आणि आरओमधूनही ते पूर्ण जात नाहीत. पाहिजे ते डिस्टिल्ड वॉटर. त्यात शेवाळ धरू नये म्हणून औषध, आणि पाणी फिरतं त्या सगळ्या लूपमध्ये धातू एकाच जातीचे. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम खंगत जातं. पारदर्शक नळ्या दिसतात छान, पण खिडकीतलं ऊन त्यांवर पडलं की शेवाळाची चैन होते.

टाकीत बर्फ टाकायची कल्पनाही कुणी ना कुणी सुचवतंच. कोरड्या उन्हाळ्यात एकवेळ खपून जाईल, पण जुलैत बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के दमट हवा असताना दवबिंदू २४ अंशांच्या वर असतो. पाणी त्याखाली गेलं की नळीवर आणि ब्लॉकखाली घाम फुटतो, आणि तो थेट मदरबोर्डवर टपकतो. आतलं पाणी सांभाळलं आणि बाहेरच्या हवेतल्या पाण्याने घात केला, अशी गत.

घरी लागणारं शहाणपण एवढंच: कारखान्यातून सीलबंद आलेला कूलर घ्या, आणि बसवताना रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असं बघा. वर्षानुवर्षं नळीच्या भिंतीतून थोडं पाणी उडून जातं, त्याजागी हवेचा बुडबुडा तयार होतो. तो रेडिएटरच्या माथ्यावर बसू दे, पंपात नको. पंपात गेला तर खरखर सुरू होते आणि पंप लवकर जातो.

खरी मजा मोठ्या प्रमाणावर आहे. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ मध्ये बसलेल्या परम ब्रह्म महासंगणकात प्रोसेसरवर थेट पाण्याच्या प्लेटच आहेत. पण पाणी किती गरम चालतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण झुरिकचं. आयबीएम आणि तिथलं ईटीएच विद्यापीठ यांनी २०१० मध्ये उभारलेल्या ॲक्वासार या यंत्रात पाणी शिरायचं तेच ६० अंशांना. चिप आणि पाणी यांच्यातले अडथळे इतके कमी केले होते की तेवढ्या गरम पाण्यावरही चिप मर्यादेत राहायची, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यावर इमारती तापवल्या जायच्या. थर कमी करण्याचा खरा मोबदला हा आहे. चिपपासून पाण्यापर्यंत २० अंश वाचले की तेवढं जास्त गरम पाणी चालतं, आणि गरम पाणी चाललं की ते थंड करायला चिलर लागत नाही, कूलिंग टॉवरमधून पाणी वाफ करून उडवावं लागत नाही.

नाशिकचा हिशेब मांडून बघा. डेटा सेंटरला ४५ अंशांचं पाणी चालणार असेल तर ते ४५ पर्यंत उतरवायला बाहेरची हवा त्याहून थंड हवी, बस्स. एप्रिल-मेची दुपार चाळिशीला टेकली तरी मोठे रेडिएटर आणि पंखे पुरतात, अंतर कमी म्हणून रेडिएटर जरा ऐसपैस लागतील इतकंच. डिसेंबरात निफाडचा पारा खाली येतो तेव्हा तर निम्मे पंखे बंद ठेवता येतील. गंगापूर धरणातल्या पाण्यावर आधीच शेती, शहर आणि एमआयडीसी यांची ओढाताण आहे, तिथे थेंबही न उडवता चालणारी यंत्रणा हा काही छोटा मुद्दा नाही. उरलेल्या उष्णतेचं काय? झुरिकसारखी घरं तापवायची गरज इथे नाही, पण ५० अंशांच्या पुढचं पाणी पंचवटीतल्या लॉजेसना आणि धर्मशाळांना बारा महिने आंघोळीसाठी हवंच असतं. फक्त मध्ये हीट एक्स्चेंजर, म्हणजे दोन पाणी न मिसळता उष्णता देणारं उपकरण, लावून द्यावं लागेल. लूपमधल्या पाण्यात गंज आणि शेवाळ रोखणारी औषधं असतात, बऱ्याचदा ग्लायकॉल हे रसायनही.